कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज: नगरच्या किल्ल्यातला मृत्यू आणि त्याच्या आधीचं सगळं

टिळक-आगरकरांचे डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस सगळ्यांना माहीत असतात, शाळेत असतं ते. कोल्हापूर प्रकरण, तिथले कारभारी बर्वे, त्यांनी भरलेला अब्रूनुकसानीचा खटला, झालं. पण ज्या पोरासाठी हे दोघं तुरुंगात गेले त्याचं, म्हणजे कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचं, पुढे काय झालं हे विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. तो वीस वर्षांचा असताना नगरच्या भुईकोट किल्ल्यात मेला, २५ डिसेंबर १८८३ ला, एका गोऱ्या सोल्जरबरोबर झालेल्या झटापटीत. त्यावरून "मारलं", "मारवलं", "विष घातलं होतं", "वेडा नव्हताच, वेडा ठरवला" अशा कितीतरी गोष्टी पुढे चालत राहिल्या, आजही चालतात. त्यातलं काय कुठून आलं ते नीट लावून बघायचं तर मागे जावं लागतं.

कोल्हापूरच्या गादीला त्या काळात जणू नजरच लागली होती. आधीचे राजाराम महाराज विलायतेला गेले, हुशार मुलगा, इंग्रजीत डायरी लिहायचा, आणि परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला वारले. वय वीस. तिथेच आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं आणि आज त्या जागी मेघडंबरीसारखी छत्री आणि खाली त्यांचा फेटा घातलेला अर्धपुतळा आहे, जवळच्या पुलाला तिथले लोक 'इंडियानो'चा पूल म्हणतात. गादीला मूलबाळ नाही, म्हणून १८७१ मध्ये सावर्डेकर भोसल्यांच्या घरातला नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक आला, तो चौथा शिवाजी. म्हणजे एक राजा परदेशात विशीत गेलेला आणि पाठोपाठ घरात आलेलं हे लेकरू, आणि कारभार सगळा इंग्रज सरकारचा पोलिटिकल एजंट आणि त्याच्या मर्जीतल्या कारभाऱ्याच्या हातात. लोकांचा जीव या पोरात अडकला होता तो यामुळे, आणि नाव शिवाजी. त्या नावाचं वजन वेगळं सांगायला नको.

आता लोक इतक्या पटकन संशय का घ्यायला लागले, तर त्यांना अनुभव होता. सातारच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला पाठवलं, आरोप काय तर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, आणि ती कागदपत्रं बनावट आहेत हे महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं ओरडून सांगत राहिले, कुणी ऐकलं नाही, महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. मग बडोद्याचं प्रकरण. तिथला इंग्रज रेसिडेंट फेअर, त्याच्या सरबताच्या ग्लासात सोमल म्हणजे विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला, १८७५ मध्ये चौकशी कमिशन बसलं, त्यात तीन इंग्रज आणि तीन आपल्याकडचे, आणि मत पडलं तीन-तीन. म्हणजे गुन्हा शाबीत झालाच नाही, तरी मल्हाररावांना काढलं ते काढलंच. हे सगळं पुण्या-मुंबईत लोकांनी पेपरात रोजच्या रोज वाचलेलं होतं. दहा वर्षांच्या आत कोल्हापुरातून बातम्या यायला लागल्या की महाराजांचं डोकं बिघडलंय, त्यांना कोंडून ठेवतात, गोरे सोल्जर त्यांच्यावर हात टाकतात. मग लोकांना काय वाटणार?

या पोराला खरंच काही आजार होता का? सरकारचं म्हणणं, होय, मनाचा आजार आहे. लोकांचं म्हणणं, आधी चांगला होता, छळाने झाला. मला स्वतःला वाटतं की या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीतच. कोवळ्या वयात आईबापांपासून तोडलेलं, अवतीभवती आपलं म्हणावं असं माणूस नाही, परक्या भाषेत दम देणारे रखवालदार, अशा मुलाला आजार असला तरी तो अशाने बरा होईल का. आणि महत्त्वाचं म्हणजे उघड चौकशी करा, घरच्या माणसांना भेटू द्या, ही जी साधी मागणी होती ती सरकारने कधी लोकांचं समाधान होईल अशी पुरी केली नाही. अफवेला जागा मिळाली ती तिथे.

केसरी आणि मराठा हे दोन पेपर १८८१ च्या जानेवारीत सुरू झाले, म्हणजे तेव्हा अगदी नवे, चालवणारे पंचविशीतले तरुण. त्या वर्षाच्या शेवटी त्यांनी कोल्हापूरचा विषय लावून धरला. पुण्यात सभा झाली, त्यात काही पत्रं पुढे आली, कारभारी माधवराव बर्वे यांची म्हणून, आणि त्यावरून असं दिसत होतं की बर्व्यांनीच महाराजांना विष देण्याचा, वेड लावण्याचा घाट घातलाय. पेपरांनी त्याला प्रसिद्धी दिली. बर्व्यांनी खटला भरला. आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाची दिशा इथे फिरली. लोकांचा संशय ज्या पुराव्यावर उभा होता तो पुरावाच खोटा निघाला, म्हणजे संशयही खोटा असा सरळ हिशोब सरकारच्या बाजूने मांडला गेला. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण बर्वे मागे हटले नाहीत, आणि जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. जामिनाचे दहा हजार रुपये उभे करायला जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेट उरवणे पुढे आले, ही गोष्ट महाराष्ट्रात नेहमी सांगितली जाते आणि सांगितली पाहिजेच. आगरकरांनी डोंगरीत बसून हॅम्लेटचं मराठी रूपांतर केलं. राजवाड्यात कोंडलेला, लोक वेडा म्हणतात तो राजपुत्र, हाच विषय त्यांनी त्या कोठडीत हाताशी धरला, हे आठवलं की अजून गलबलून येतं. २६ ऑक्टोबर १८८२ ला दोघं सुटले तेव्हा बाहेर लोकांची गर्दी, हार, मिरवणूक. म्हणजे बघा, कोर्टात हरले आणि लोकांत जिंकले. कोर्टाने पत्रं खोटी ठरवली, पण लोकांना पत्रांशी फारसं देणंघेणं नव्हतंच, त्यांना ते पोरगं कुठे आहे आणि कसं आहे हे हवं होतं.

आणि ते पोरगं त्याच वर्षी कोल्हापुरातून हलवून नगरच्या किल्ल्यात नेलं होतं. नगरचा किल्ला ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल, डोंगर नाही काही नाही, सपाटीवर वाटोळा बसलेला, भोवती रुंद खंदक, आत जाणारी वाट पुलावरून, आत काय चाललंय ते बाहेर कळायचं नाही. निजामशाहीतला किल्ला, चांदबिबीने लढवलेला, इंग्रजांनी १८०३ पासून लष्करासाठी धरून ठेवलेला, आणि पुढे ४२ साली नेहरूंना ठेवलं ते याच किल्ल्यात. राजाला औषधपाण्यासाठी न्यायची ही जागा आहे का? लोकांना तेव्हा हाच प्रश्न पडला होता. कोल्हापूरपासून इतकं लांब, कुणी भेटायला येणार नाही, आणि सोबतीला गोरा सोल्जर. त्या सोल्जरचं नाव ग्रीन.

१८८३ च्या नाताळच्या दिवशी महाराज आणि ग्रीन यांच्यात झटापट झाली आणि महाराज गेले. डॉक्टरी कारण दिलं गेलं ते पानथरी फुटल्याचं. ग्रीनने स्वतःला वाचवायला हात उचलला असं धरून सरकारी चौकशीत त्याला सोडून दिलं. आमच्याकडे जुनी माणसं एका वाक्यात सांगायची, राजाला लाथा घालून मारला. हे वाक्य नुसतं रागाचं नाही, त्याच्या मागे एक फार जुना आणि कडू इतिहास आहे आणि तो कळला नाही तर लोकांनी सरकारी कारणावर विश्वास का ठेवला नाही ते कळत नाही.

पानथरी म्हणजे प्लीहा. हिवतापाच्या मुलखात ती सुजून मोठी होते, मऊ पडते, आणि पोटावर जोराचा मार बसला की फुटू शकते. वैद्यक म्हणून हे खरंच आहे. पण कंपनी आणि राणीच्या राज्यात असं झालं की साहेबाने नोकराला, पंखेवाल्याला, मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) लाथ किंवा ठोसा मारावा, तो मरावा, आणि डॉक्टरने सांगावं याची पानथरी आधीच वाढलेली होती, मार किरकोळ होता. १८७६ मध्ये आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारलं, तो गेला, कारण तेच पानथरी, आणि शिक्षा झाली तीस रुपये दंड. तीस रुपये! खुद्द व्हाइसरॉय लिटनने त्या मॅजिस्ट्रेटवर ताशेरे ओढले आणि त्यावरून गोऱ्यांच्या पेपरांनी लिटनलाच झोडपलं. तर १८८३ मध्ये मराठी माणसाने "झटापट झाली, पानथरी फुटली, सोल्जर निर्दोष" एवढं वाचलं की त्याच्या डोक्यात आग्र्याचा मोतद्दार आला असणार, फक्त यावेळी मेलेला माणूस छत्रपती होता.

आणि वर्ष कुठलं होतं ते पण बघा. १८८३ म्हणजे इल्बर्ट बिलाचं वर्ष. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या माणसाचा खटला चालवायचा की नाही यावर वर्षभर गोऱ्यांनी रान उठवलं होतं, आणि डिसेंबरमध्येच सरकारने माघार घेऊन तडजोड केली, म्हणजे गोऱ्याला निम्मे ज्यूरी गोरे मागता येतील असं ठरलं. त्याच महिन्यात नगरला हा मृत्यू. गोऱ्या माणसाचा न्याय गोराच करणार हे देशभर गाजत असताना एका गोऱ्याच्या हातून राजा जातो आणि चौकशीही गोरेच करतात, यात लोकांचं समाधान व्हायची काही शक्यताच नव्हती, चौकशी कितीही प्रामाणिक असती तरी.

पुढे या संशयाला वेगवेगळे धनी मिळाले. महाराजांच्या मागे राणीसाहेब आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक घेतला, वय नऊ पुरं, तेच राजर्षी शाहू. शाहू महाराजांच्या हातात १८९४ मध्ये कारभार आला, मग वेदोक्त प्रकरण झालं, म्हणजे छत्रपतींच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही हा वाद, टिळक दुसऱ्या बाजूला उभे राहिले, ब्राह्मणेतर चळवळ वाढली, आणि त्या सगळ्या भांडणाच्या उजेडात नगरचा मृत्यू परत वाचला गेला. एका बाजूला तो इंग्रजांनी केलेला खून झाला, दुसऱ्या बाजूला ब्राह्मण कारभाऱ्याने घडवून आणलेला. दोन्हीकडे आपापल्या सोयीचं तेवढं ठेवलं आणि बाकी गाळलं. बर्व्यांवर बोट ठेवणाऱ्यांनी हे गाळलं की त्यांच्याविरुद्ध लिहून तुरुंगात गेलेले दोघंही चित्पावनच होते, आणि ज्यांना टिळकांचा पहिला तुरुंगवास तेवढा अभिमानाने सांगायचा होता त्यांनी हे गाळलं की जामीन फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींच्या ओळखीने उभा राहिला, आणि छापलेली पत्रं खोटी होती. मधल्यामध्ये ते वीस वर्षांचं पोरगं दोन्हीकडून हरवलं.

माझं मत विचाराल तर विष आणि कट या गोष्टी सिद्ध करणारा कागद म्हणून जे पुढे आलं ते बनावट होतं, ते कोर्टात ठरलं, ते मान्य करावंच लागतं. ग्रीनने ठरवून मारलं असंही मी म्हणणार नाही. पण एका आजारी म्हणवलेल्या तरुणाला घरच्या माणसांपासून तोडून लष्करी किल्ल्यात सोल्जरच्या ताब्यात ठेवलं, आणि तो तिथे त्याच सोल्जरच्या हातून गेला, यात लपवण्यासारखं काही उरतच नाही, हे सगळं सरकारच्या स्वतःच्या सांगण्यातच आहे. यासाठी कुठलं गुप्त पत्र लागत नाही. लोक १८८१ मध्ये म्हणत होते या मुलाच्या जिवाला धोका आहे, त्याला बाहेर काढा. दोन वर्षांनी तो गेला.

राजाराम महाराजांची छत्री फ्लॉरेन्सला जाणारे आपले लोक शोधून बघायला जातात, फोटो टाकतात, चांगलंच आहे ते. नगरच्या किल्ल्यात गेलं की लोक नेहरूंची खोली कुठे म्हणून विचारतात. चौथे शिवाजी महाराज कुठे होते, हे पण कुणीतरी विचारायला हवं.