कावळा चेहरा ओळखतो

समुद्रकिनाऱ्यावर फिरणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे: कावळ्याला खाऊ कळतो, माणूस कळत नाही. हातात पिशवी दिसली की तो कुणाच्याही मागे येतो. हे चूक आहे, आणि ते चूक असल्याचा पुरावा फार सुंदर आहे.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गुहामानवाचा मुखवटा घालून आवारातले सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि त्यांना सोडून दिलं. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही आवारातून चालत गेलं की कावळे कर्कश ओरडत मागे लागायचे. आत माणूस कोण आहे, याने फरक पडत नसे. दुसऱ्या मुखवट्याकडे मात्र ते फारसं लक्ष देत नसत. हा राग वर्षानुवर्षं टिकला. एवढंच नव्हे, तर कधीच न पकडले गेलेले कावळे आणि नंतर जन्मलेली पिल्लंही त्या चेहऱ्यावर ओरडू लागली.

मग या क्षणी कावळ्याच्या मेंदूत काय घडत असेल? जागा कावळा मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात स्थिर बसणार नाही आणि बेशुद्ध कावळा चेहरा बघणार नाही. मार्झलफ आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही अडचण एका रेणूने सोडवली. मेंदूच्या पेशी ग्लुकोजवर चालतात. जी पेशी जास्त काम करते, ती जास्त ग्लुकोज ओढते. या ग्लुकोजमधला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवला की तयार होतं फ्लोरोडिऑक्सिग्लुकोज. पेशी फसते आणि त्याला साखर समजून आत घेते. हेक्झोकायनेज हे विकर (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) त्याला फॉस्फेट चिकटवतं. नेहमीच्या ग्लुकोजचं इथून पुढे विघटन होत जातं, पण या रेणूवर पुढच्या विकराचं काहीच चालत नाही, आणि फॉस्फेट लागल्यामुळे तो पेशीबाहेरही पडू शकत नाही. तो तिथेच अडकतो. कावळा जागेपणी चेहरा बघतो तेव्हा ज्या पेशी राबल्या, त्यांच्यात त्याचा साठा होतो. नंतर कावळ्याला भूल देऊन यंत्रात ठेवलं तरी चालतं. या फ्लोरिनचा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटांचा असल्याने वेळ पुरतो. त्यातून निघणारा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन भाराचा कण) जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नष्ट होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीच्या कड्यातले दोन संवेदक एकाच वेळी उजळले की उगम त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी आहे हे कळतं. अशा असंख्य रेषांवरून चित्र उभं राहतं. म्हणजे यंत्र जे दाखवतं, तो कावळ्याने काही वेळापूर्वी घेतलेला अनुभव असतो!

ज्या मुखवट्याने पकडलं होतं तो दिसला, तेव्हा भीतीशी निगडित अमिग्डालाचा भाग, थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ या मेंदूच्या भागांत हालचाल वाढली. बंदिवासात खाऊ घालणारा चेहरा दिसला, तेव्हा प्रेरणेशी संबंधित स्ट्रायटमचे भाग जागे झाले.

कावळ्यांशी मैत्री करायची ती हे लक्षात ठेवून. रोज त्याच जागी, त्याच सुमारास जावं, बिनमिठाचे मोजके दाणे ठेवून मागे सरावं. कावळ्याकडे रोखून बघू नये. आपली नजर थेट त्याच्यावर असेल तर तो लवकर उडतो, हे मोजून पाहिलेलं आहे. समुद्रकाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघावं. ओहोटीला वाळू आणि खडक उघडे पडले की कावळ्यांचं ताट तिथेच मांडलेलं असतं, तुमचे दाणे त्यापुढे फिके. तेव्हा खाऊ राहू द्या, नुसतं निरीक्षण करा. कॅनडाच्या मंडार्टे बेटावर रेटो झाक यांनी १९७०च्या दशकात पाहिलं, की कावळे मोठेच शंख निवडतात आणि साधारण पाच मीटर उंचीवरून खडकावर टाकतात. त्याहून खूप खालून टाकलं तर शंख फुटायला फार खेपा लागतात. फार वर जाण्यात श्रम वाया जातात.

‘कावळे भेटवस्तू आणून देतात’ अशा बातम्यांवर मात्र बेतानेच विश्वास ठेवावा. एखादी चमकदार वस्तू खाऊच्या जागी पडलेली सापडते हे खरं, पण ती कृतज्ञतेने आणली होती असं दाखवणारा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही. मेलेल्या कावळ्याभोवती थवा जमला की अशुभ घडणार, ही तर निव्वळ अंधश्रद्धा. केली स्विफ्ट यांनी मार्झलफ यांच्यासोबत केलेल्या प्रयोगांत दिसलं, की ते तिथे धोका ओळखायला शिकतात. मेलेला कावळा हातात धरलेल्या मुखवटाधारी माणसावर ते नंतरही कित्येक आठवडे ओरडत राहिले.

विणीच्या हंगामात म्हणूनच जपावं. नुकतं घरट्याबाहेर आलेलं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसलं तर बहुतेक वेळा आईबाप जवळच असतात. ते जखमी नसेल तर उचलू नका, लांबून निघून जा. उचललंत, तर कावळ्यांच्या लेखी तुम्ही पकडणाऱ्यांपैकीच एक ठराल, आणि तुमचा चेहरा शेजारच्या झाडांवरच्या कावळ्यांनाही कळेल.