कचऱ्याचा आराखडा आणि कचरा ओळखणारी माणसं

कचऱ्याचा प्रकल्प आखायचा तर आधी कचऱ्यात काय काय आहे ते मोजावं लागतं. त्याची रूढ पद्धत साधी आहे. डेपोवर आलेल्या गाड्यांमधून थोडाथोडा कचरा काढायचा, कालवून त्याचा ढीग करायचा, ढिगाचे चार वाटे पाडायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेले दोन पुन्हा कालवायचे, पुन्हा चार वाटे. ढीग हाताळण्याजोगा झाला की ओलं, पुठ्ठा, प्लास्टिक, कापड, काच, माती वेगवेगळं करून तोलायचं.

पद्धत चोख आहे, पण नमुना डेपोवरचा आहे. तिथं पोचेपर्यंत पुठ्ठा, पेट बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा यांतलं बरंच कुणीतरी वाटेतच उचललेलं असतं. शिवाय आंब्याच्या दिवसांतला कचरा वेगळा, गणपतीतला वेगळा, आणि पावसात भिजलेल्या रद्दीच्या वजनाबद्दल तर बोलायलाच नको. कुठल्या गल्लीत काय निघतं, कुठल्या सोसायटीत ओलं-सुकं खरंच वेगळं होतं, हे ज्यांना रोजच्या रोज कळतं ते म्हणजे कचरावेचक. आराखड्याच्या बैठकीला मात्र त्यांना बहुधा बोलावलेलं नसतं.

पुण्यात हे थोडं वेगळं घडलं. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही वेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार कचरा गोळा करायचा, घरटी ठरलेलं शुल्क घ्यायचं आणि सुका माल भंगारात विकायचा, अशी तिची घडी आहे. एक छोटी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही मोहीम या संस्थेनं चालवली. पुडी न उघडता आत काय आहे ते कळतं. ज्यांचे हात रोज कचऱ्यात असतात, त्यांच्या गरजेतून आलेला हा उपाय आहे.

वेचकांना विचारणं हा मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत तर निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे. कचरा जाळून वीज करायची म्हटली, तर पेटतं ते कागद आणि प्लास्टिक. नेमकं तेच वेचक काढून घेतात, आणि भट्टीच्या वाट्याला येतं ओलं. १०० अंशांवर आलेल्या एक किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे कचऱ्यातली बरीचशी उष्णता स्वतःला वाळवण्यातच खर्च होते. भट्टीसाठी माल राखून ठेवावा, तर वेचकांचं पोट जातं. हा पेच कागदावरच सोडवायला हवा. भट्टी बांधून झाल्यावर तो फक्त भांडणात सुटतो.

आता दुसरी बाजू: गावं. पुण्याचा कचरा एके काळी कोथरूडच्या डेपोत जायचा. शहर तिथवर आलं आणि कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीकडे गेला. मिश्र कचऱ्याचे थर दाबले गेले की आत हवा उरत नाही. हवेविना जगणारे जिवाणू ओलं कुजवतात आणि मिथेन सुटतो. तोच डेपोंवरच्या आगी भडकवतो. वातावरणात गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. कुजण्यातून झिरपणारं काळं पाणी, लीचेट, खाली भूजलात उतरतं. विहिरींचं पाणी नासलं, गावात टँकर आले, आणि मग गावकरी गाड्या अडवायला रस्त्यावर बसले. शहरातल्या वर्तमानपत्रांत त्याचा मथळा ‘कचराकोंडी’. फुरसुंगीत बसून पाहिलं तर कोंडी वर्षानुवर्षांची होती.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं आणि अनेक गावा-शहरांनी खर्च वाटून घेऊन एकच सामाईक भरावभूमी, म्हणजे कचरा पुरायची जागा, चालवण्याची वाटही दाखवली. कल्पना वाईट नाही. लहान नगरपालिकांना स्वतंत्र शास्त्रीय भरावभूमी परवडतच नाही. पण पाच ठिकाणची घाण सहाव्याच्या शिवारात जाणार असेल, तर त्या सहाव्याशी बोलणं जनसुनावणीच्या एका दुपारी उरकत नाही. त्याच्या हाती काहीतरी द्यावं लागतं. फाटकावर गावची माणसं असावीत आणि मिश्र कचऱ्याची गाडी परत पाठवायचा हक्क त्यांना असावा. तेवढ्यानं शहरातलं वर्गीकरण किती सुधारेल ते पाहण्यासारखं आहे. आणि पहिली गाडी यायच्या आधी, उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा, गावच्या विहिरींचं पाणी गावकऱ्यांसमोर तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीत लावावेत. हे मूळ आकडे नसतील, तर दहा वर्षांनी पाणी बिघडलं तरी ते डेपोमुळे बिघडलं की आधीपासूनच तसं होतं, हे कुठलीच प्रयोगशाळा खात्रीनं सांगू शकत नाही.