ब्रॅकन

नेच्यांपैकी जगात सर्वांत दूरवर पसरलेल्या वनस्पतींत गणला जाणारा नेचा (फर्न). शास्त्रीय नाव टेरिडियम ॲक्विलिनम, कुल डेनस्टेडिएसी. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत तो आढळतो. भारतात हिमालय, निलगिरी, पळणी अशा डोंगराळ प्रदेशांत, तर महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या परिसरात तो दिसतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याला टेरिस प्रजातीत (जातींच्या गटात) घातले होते. आजचे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ कून यांनी १८७९ मध्ये दिले. लॅटिन ‘ॲक्विला’ म्हणजे गरुड. देठ बुंध्याशी तिरपा कापल्यास वाहक वृंदांच्या (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांच्या जुडग्यांच्या) गडद रेषांतून पंख पसरलेला गरुड दिसतो, त्यावरून हे नाव पडले असे एक मत. पसरलेले पानच गरुडाच्या पंखासारखे दिसते, हे दुसरे. पंखासारखी पाने पुष्कळ नेच्यांना असतात. तेवढ्यावरून एकाच जातीला असे नाव पडावे, हे पटत नाही. अर्थात आकृती पाहणाऱ्यावरही अवलंबून असते: इंग्लंडमध्ये त्याच रेषांत दुसरा चार्ल्स राजा ज्यात लपला होता तो ओक वृक्ष लोकांना दिसे.

या प्रजातीत जाती किती, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ट्रायन यांनी १९४१ मध्ये जगभरच्या नमुन्यांवरून एकच जाती, तिच्या दोन उपजाती व बारा प्रकार मानले. पुढे गुणसूत्रे आणि डीएनए यांच्या अभ्यासानंतर त्यांतील काही प्रकारांना स्वतंत्र जातींचा दर्जा मिळाला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील टेरिडियम (टे.) एस्क्युलेंटम ही त्यांपैकी ठळक. ट्रायन यांनी ‘वाइटिॲनम’ म्हटलेली दक्षिण आशियाई झाडे आता बहुधा टे. रेव्होल्यूटम या जातीत घालतात. जुन्या भारतीय ग्रंथांतील ‘टेरिस ॲक्विलिना’ (लिनीअस यांचे जुने नाव) हा उल्लेख म्हणून जपूनच वाचावा.

ब्रॅकनचे काळसर, केसाळ मूलक्षोड (जमिनीतील आडवे खोड) जमिनीखाली लांबवर सरपटते. त्याच्या खोल, जाड शाखांत स्टार्च साठतो. पृष्ठभागाजवळच्या आखूड शाखांवर पाने येतात. वणव्यात वरचा भाग जळाला तरी खालचे कोंब शाबूत राहतात, आणि इतर झाडोरा सावरण्याआधी ब्रॅकन माळ व्यापतो. पाने एकेकटी उगवतात, कोवळेपणी टोकाशी गुंडाळलेली असतात आणि उलगडल्यावर दोन-तीनदा विभागलेली, सामान्यतः एक ते दोन मी. उंचीची होतात. बीजाणुपुंज (प्रजननाचे सूक्ष्म कण तयार करणारे पुंजके) पानाच्या दुमडलेल्या कडेखाली सलग रेषेत असतात. पर्णदलांच्या तळाशी मधुग्रंथी असून तेथे मुंग्या येतात; फ्रान्सिस डार्विन यांनी १८७७ मध्ये त्यांचे वर्णन केले. फुलेच नसलेल्या वनस्पतीत मध असणे हे विशेषच. आम्लधर्मी व निचऱ्याची जमीन त्याला मानवते. पाणथळ जागा त्याला सोसत नाही, आणि उशिरा पडणारे कडक हिम कोवळ्या पानांना सोसत नाही. गर्द सावलीत तो खुरटतो.

पूर्वी ब्रिटनमध्ये वाळलेली पाने गुरांखाली अंथरत, छपरे शाकारत. राखेतील पोटॅश काच व साबणासाठी वापरत. न्यूझीलंडमधील माओरी लोक तेथील जातीचे मूलक्षोड भाजून, कुटून खात. जपानमध्ये ‘वाराबी’ व कोरियात ‘गोसारी’ म्हणून कोवळे कोंब खातात. जपानमध्ये ते आधी राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवतात.

ही रीत निव्वळ चवीसाठी नाही. १९८३ मध्ये वेगळे केलेले टॅक्विलोसाइड हे ब्रॅकनमधील कर्ककारक (कर्करोग घडवणारे) द्रव्य राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यासारख्या अल्कलीत विघटित होते. तरी धोका पूर्णपणे जातो असे मानू नये. शिवाय ब्रॅकनमधील थायामिनेज या ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणाऱ्या एंझाइमामुळे घोड्यांत त्याची कमतरता होते. गुरांत अस्थिमज्जेचे (हाडांतील रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचे) काम मंदावणे, तसेच दीर्घकाळ चरल्यास मूत्राशयात गाठी होऊन लघवीतून रक्त जाणे, हे विकार उद्भवतात. टॅक्विलोसाइड दुधातही उतरते. हिमालयात व निलगिरीत गुरांना होणाऱ्या रक्तमूत्रविकाराचा संबंध याच्याशी जोडला जातो. मात्र तेथे इतर नेचेही चरण्यात येत असल्याने सगळा दोष ब्रॅकनवर टाकणे घाईचे ठरेल.