शिंकेचं पहिलं अक्षर

अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोनशेपानी वही आणि तीत उतरवून घेतलेले इंग्रजी शब्द. भाची माझ्याकडे आली की आम्ही ती वही घेऊन बसतो. गेल्या रविवारी पाठांतर मध्येच थांबवून ती म्हणाली, "मावशी, हे बघ ना. स्नीझ म्हणजे शिंकणं, स्नोअर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नाउट म्हणजे प्राण्याचं नाकाड. एस-एन आलं की नाक येतंच!" चारही शब्दांखाली तिने पेन्सिलीने एकेक नाक काढलं होतं.

तिच्या यादीत भर घालायला शब्द कमी नाहीत. स्निफल म्हणजे सर्दीने नाक ओढणं, स्नॉर्ट म्हणजे घोड्यासारखं फुरफुरणं, स्नफ म्हणजे तपकीर, स्नॉट म्हणजे शेंबूड. जी-एलचंही तसंच. ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लिमर, ग्लिंट, ग्लॉस, सगळीकडे उजेड नाहीतर चकाकी. आता गंमत बघा. 'अनहॅपी'मधला 'अन' काढला तर 'हॅपी' हा धडधाकट शब्द उरतो, म्हणून 'अन'ला आपण उपसर्ग म्हणतो. ग्लिटरमधून जी-एल काढलं तर जे उरतं त्याला काही अर्थच नाही. म्हणजे जी-एल हा उपसर्ग नव्हे, तरी अर्थाचा एक अंश त्याला चिकटून बसलेला आहे. अशा अक्षरगटाला 'फोनॅस्थीम' हे नाव जॉन रूपर्ट फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली दिलं. हा माणूस त्याआधी १९२८ पर्यंत लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता.

हे साम्य येतं कुठून? काही शब्द खरंच एका रक्ताचे असतात. ग्लो, गोल्ड आणि येलो यांचं मूळ एकच मानतात, चमकणं आणि पिवळेपणा दाखवणारा एक अतिप्राचीन धातू. त्याच धातूची संस्कृत लेकरं म्हणजे हिरण्य आणि हरिद्रा. हरिद्रेची मराठीत हळद झाली. स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यात ग्लोचं नातलग बसलेलं आहे, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ त्या डब्याकडे बघत राहिले.

पण सगळे शब्द असे जन्माने घरचे नसतात. ग्लान्स म्हणजे आज आपण ओझरती नजर म्हणतो, पण आधी त्याचा अर्थ होता निसटता वार. नजरेचा अर्थ नंतर आला. आणि स्नीझची कथा तर मला सगळ्यांत आवडते. जुन्या इंग्रजीत शिंकणं हा शब्द 'फ्नेओसान' असा होता, म्हणजे सुरुवातीला एस-एन नव्हे, एफ-एन. पुढे एफ-एनची जोडी इंग्रजीतून नाहीशी झाली. त्या काळी एस हे अक्षर उंच काढत आणि ते थेट एफसारखं दिसे, फरक काय तो मधल्या आडव्या रेघेचा. वाचणाऱ्याने एफचा एस वाचला आणि शब्द बदलला, असं काही अभ्यासक मानतात. मला वाटतं, नुसत्या वाचनाच्या चुकीने एवढं झालं नसतं. शेजारी नाकाच्या शब्दांची भरली वसती होती, म्हणून ती चूक तिथे रुजली.

हे सगळं योगायोग म्हणून सोडून देता येईल का? भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन बर्गन यांनी २००४ मध्ये याची परीक्षा घेतली. पडद्यावर क्षणभर एक शब्द दाखवायचा, लगेच दुसरा दाखवायचा, आणि तो खरा शब्द आहे की बनावट हे बटण दाबून सांगायचं. ग्लिटरनंतर ग्लो आला की लोक तो चटकन ओळखत. नुसता अर्थ जुळणाऱ्या किंवा नुसती अक्षरं जुळणाऱ्या जोड्यांपेक्षा ही ओळख वेगवान होती. म्हणजे बोलणाऱ्याच्या मेंदूत या गटाला खरंच स्वतंत्र जागा आहे.

अपवाद अर्थातच आहेत. ग्लव्ह आणि ग्लू यांत उजेड नाही, स्नो आणि स्नेक यांचा नाकाशी संबंध नाही. बर्गन यांच्या मोजणीत जी-एलच्या वेगवेगळ्या शब्दांपैकी ३९ टक्केच प्रकाश किंवा दृष्टीचे निघाले. एवढ्यानेही मेंदूला खूण पटते.

शब्दाचा आवाज आणि अर्थ यांचं नातं निव्वळ संकेताचं, असं स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर सांगत. आपल्याकडे हा वाद कितीतरी जुना आहे. वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात 'काक' हा शब्द पक्ष्याच्या आवाजावरून आला असं म्हटलंय, आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं, अशी पुस्तीही जोडलीय. पुढच्याच वाक्यात औपमन्यव नावाच्या आचार्यांचा ठाम नकारही नोंदवलाय. हेच निरुक्त वै. का. राजवाडे यांच्या संपादनाने पुण्याच्या भांडारकर संस्थेतून छापलं गेलं.

भाचीला मी म्हटलं, "आता मराठीत शोध." घरी जाईपर्यंत तिच्या वहीत नवं पान तयार होतं: फुगा, फुंकर, फुगणे, फुत्कार, फुरफुर, फुस्स, फुफ्फुस. फुकट आणि फुटाणे हे दोन शब्द तिने प्रामाणिकपणे वेगळ्या रकान्यात लिहिले. मग तळहात ओठांसमोर धरून ती सावकाश म्हणाली, "फु." आणि हाताला लागलेला वारा मलाही दाखवला.