गोबी पाल्यातच का अडकते? थोडी मागची गोष्ट

दरवर्षी दिवाळी झाली की तीच रड, कुणाच्या वाफ्यात गोबीला (म्हणजे फुलकोबीला) नुसता पालाच पाला, तर कुणाच्या झाडाला मुठीत मावेल एवढासाच गड्डा येऊन थांबलेला. मग खत कमी पडलं, पाणी जास्त झालं, बोअरचं पाणी जड आहे, असं काय काय निघतं. त्यातलं थोडंफार खरंही असतं, पण माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा घोळ बियाण्याच्या जातीचा आणि महिन्याचा असतो, आणि तो समजायला जरा मागं जावं लागतं.

फुलकोबी मुळात भूमध्य समुद्राकडची, पत्तागोबी आणि नवलकोलची सख्खी बहीण. भारतात ती आली 1822 साली, इंग्लंडहून बी आणून सहारनपूरच्या कंपनी बागेत लावलं तेव्हा. थंड हवेतलं पीक ते, इथल्या दमट उकाड्यात कसं टिकायचं? पण गंगेकाठच्या शेतकऱ्यांनी काय केलं की ज्या झाडांनी उन्हातही गड्डा धरला त्यांचंच बी पुढच्या वर्षाला ठेवलं, असं शंभरेक वर्षं चाललं. 1929 च्या सुमारास कलकत्त्याची सटन कंपनी अर्ली पाटणा, मेन क्रॉप पाटणा, अर्ली बनारस, मेन क्रॉप बनारस अशा नावांनी हे बी विकत होती, म्हणजे तोवर उकाड्यात येणारी गोबी वेगळीच तयार झाली होती. यात शास्त्रज्ञांचा हात नंतर लागला, पहिलं काम माळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं.

उत्तरेत या जातींना सरळ महिन्यांवरून नावं पडली. कातकी म्हणजे कार्तिकात येणारी, अगहनी म्हणजे मार्गशीर्षात, मग पूसी, माघी. पुढं दिल्लीच्या पुसा या शेती संशोधन संस्थेनं (मूळची बिहारातल्या पुसा गावची, 1934 च्या भूकंपानंतर दिल्लीला हलली) त्यातूनच निवड करून पुसा कातकी, दिवाळीच्या आसपास येणारी पुसा दीपाली असे वाण दिले. आणि युरोपकडून आलेली स्नोबॉल ही वेगळी शाखा, एकदम पांढरीशुभ्र, घट्ट, पण थंडीशिवाय न हलणारी.

आता खरा मुद्दा. गोबीचं झाड पानं काढायचं थांबवून गड्डा कधी धरणार हे तापमान ठरवतं. लवकर येणाऱ्या देशी जाती साधारण 20 ते 27 अंशात गड्डा धरतात, स्नोबॉलला 10 ते 16 अंश लागतात. म्हणजे स्नोबॉल पावसाळ्यात लावली तर ती पानंच काढत बसते, आणि कातकीसारखी जात उशिरा, थंडी सुरू झाल्यावर लावली तर झाड वाढायच्या आधीच गड्डा येतो, तो मुठीएवढाच. नर्सरीत ट्रेमध्ये जास्त दिवस पडून राहिलेल्या रोपांचंही असंच होतं, म्हणून दांडा कडक झालेलं रोप स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. गड्डा धरताना अचानक ऊन वाढलं तर वरचा भाग भगर शिंपडल्यासारखा दाणेदार होतो, खायला चालतो पण दिसायला कसातरी.

आपल्या मराठवाड्यात परभणी-नांदेडकडं थंडी पडते कडक, पण टिकते थोडीच, फेब्रुवारीत लगेच ऊन तापायला लागतं. त्यामुळं स्नोबॉलला इथं फार कमी दिवस मिळतात, घरच्या बागेत लवकर किंवा मध्यम जातच बरी पडते. जालन्यात तर 1964 ला बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली तेव्हापासून बियाण्याचा मोठा धंदाच उभा राहिला, आज दुकानात हायब्रीड पाकिटांची रांग असते. पण पाकिटावरचा फोटो सगळ्यांचा सारखाच पांढराफेक, मागच्या बाजूला पेरणीचा महिना छापलेला असतो तो वाचा, नसेल तर दुकानदाराला विचारा.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत अजून एक गोष्ट, बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य झाडाला नीट मिळत नाही. गड्डा कापल्यावर दांडा आतून पोकळ आणि तपकिरी दिसला तर बहुतेक तेच. शेणखत भरपूर घाला, आणि बोरॉन द्यायचंच तर अगदी जपून, जास्त झालं की झाड करपतं.

घरचं बी धरायचा मोह होतो बऱ्याच जणांना. हायब्रीडचं धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी सरमिसळ निघते. स्नोबॉलचं बी आपल्याकडं धरतच नाही, त्याला थंडी लागते, ते हिमाचलातल्या कुलू खोऱ्यात कटराईनसारख्या ठिकाणी तयार होतं. लवकर येणाऱ्या देशी जातीचं धरता येईल, फक्त एकच झाड ठेवून भागत नाही कारण त्याचं स्वतःचं परागण त्याला सहसा चालत नाही, सात-आठ झाडं जवळजवळ ठेवा आणि फुलांवर मधमाश्या असताना औषध मारू नका.