वाचून दाखवल्यानंतरच्या गप्पा आणि प्रश्नोत्तरे

शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवणे आणि मुलाने उभे राहून प्रकटवाचन करणे यांतला फरक पहिली-दुसरीच्या शिक्षकांना ठाऊक असतो. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत साक्षरता अभियानाचे लक्ष्य प्रकटवाचनासाठी आहे, एवढे सांगून तो विषय सोडते. खरा घोळ गोष्ट संपल्यावर सुरू होतो : टाचणवहीत, म्हणजे शिक्षकाच्या रोजच्या पाठनियोजनाच्या वहीत, 'गप्पा' असे लिहिलेले असते आणि वर्गात प्रश्नोत्तरे चालतात.

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या. 'म्हातारी कोणाकडे निघाली होती?' असे बाईंनी विचारले की सारा वर्ग एका सुरात 'लेकीकडे!' म्हणतो, बाई 'शाब्बास' म्हणतात आणि पुढचा प्रश्न येतो. उत्तर बाईंना आधीच माहीत असल्यामुळे ही तपासणी झाली, आणि तिचेही स्थान आहेच. पण 'परत येताना मला खा, असे वाघाला कबूल करून म्हातारी भोपळ्यात लपली, हे तुम्हाला कसे वाटले?' या प्रश्नाचे उत्तर बाईंकडे तयार नसते. एक मूल तिला लबाड म्हणते, दुसरे 'मग काय तिनं मरायचं का?' असे विचारते, आणि आता मुले बाईंकडे न पाहता एकमेकांशी बोलू लागतात. माझ्या लेखी गप्पांची खूण हीच.

अशा प्रश्नानंतर थांबावे लागते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांच्या अभ्यासातून १९७०च्या दशकातच मांडले होते. आपल्याकडे त्या तीन सेकंदांत 'सांगा, सांगा लवकर' असा गजर होतो. त्याहून मला खटकते ती मधली दुरुस्ती. 'म्हातारी लई हुशार व्हती' असे म्हणणाऱ्या मुलीला 'व्हती नाही, होती म्हण' असे सांगितले की ती 'होती' म्हणते आणि खाली बसते. म्हातारी हुशार का वाटली, हे विचारायचे राहूनच जाते. तात्पर्य विचारण्याची घाई तर सर्रास दिसते.

मग टाचणवहीच्या त्या रकान्यात काय लिहायचे, असा प्रश्न येतो. मी तिथे त्या दिवशी एखाद्या मुलाने बोललेले एक वाक्य लिहिते, त्याच्याच शब्दांत, 'व्हती'सकट.