शाळांच्या संकेतस्थळांची सुगम्यता तपासणी (कोल्हापूर)

शाळेच्या संकेतस्थळावरची माहिती अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या किंवा वाचन-आकलनात अडचण येणाऱ्या माणसांना दुसऱ्याच्या मदतीविना मिळते का, हे ठरलेल्या निकषांवर पाहण्याची पद्धत. बोलण्यात तिला ‘ॲक्सेसिबिलिटी ऑडिट’ किंवा नुसते ‘ऑडिट’ म्हणतात. या माणसांत विद्यार्थ्यांइतकेच पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थीही येतात. मूल डोळस आणि आई अंध, अशी घरे तपासणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाहीत. पण पहिली-दुसरीतल्या मुलाच्या शाळेचे संकेतस्थळ मुलापेक्षा आईच जास्त उघडते. ही नोंद कोल्हापूर जिल्ह्यातल्या, मुख्यतः मराठी मजकूर असणाऱ्या शाळांना समोर ठेवून लिहिली आहे.

पावसाळ्यातली सूचना

कोल्हापुरात हा विषय समजायला जुलै-ऑगस्टमधला एक आठवडा पुरतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी चढू लागले की सगळे शहर त्या आकड्यावर नजर ठेवून असते, आणि घराघरांत एकच प्रश्न असतो : उद्या शाळा आहे का? २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

सुट्टीची सूचना शाळेत येते ती कागदावर. वर जावक क्रमांक, खाली सही आणि गोल शिक्का. कार्यालयातले कोणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढते, तोच व्हॉट्सॲपच्या गटावर जातो आणि तोच संकेतस्थळावर चढतो. डोळस पालकाचे काम तिथे झालेले असते. समजा, करवीर तालुक्यातली एक दृष्टिहीन आई तेच पान फोनवरच्या टॉकबॅकने, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणाऱ्या सोयीने, ऐकते आहे. तिच्या कानावर काय पडते? ‘इमेज’ हा एक शब्द, किंवा फार तर फाइलच्या नावातले आठ-दहा आकडे, एकेक सुटा. सुट्टी आहे की नाही, कोणत्या वर्गांना आहे, किती दिवस आहे, यातले काहीही नाही. मग शेजारच्यांना विचारणे आले. त्या फोटोच्या वर ‘अतिवृष्टीमुळे उद्या, गुरुवारी, शाळेच्या सर्व वर्गांना सुट्टी राहील’ एवढे एक वाक्य टंकले असते तर ही वेळ तिच्यावर आली नसती. त्याला खर्च काही नाही. एक मिनिट लागते.

मराठी शाळांच्या संकेतस्थळांवरचा सर्वांत मोठा दोष हाच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे : मजकूर म्हणून जे दिसते ते मजकूर नसतेच. तपासणीची सुरुवात म्हणूनच पानावरचे शब्द माउसने निवडता येतात का, हे पाहून करावी. निवडता आले नाहीत तर ते चित्र आहे.

मराठी मजकुराचे खास प्रश्न

चित्राचाच दुसरा अवतार म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ. शुल्क, पाठ्यपुस्तकांची यादी, परीक्षेचे वेळापत्रक, शाळा व्यवस्थापन समितीची नावे हे सारे बहुधा याच रूपात असते. सीबीएसईशी संलग्न शाळांना ठरावीक माहिती संकेतस्थळावर जाहीर करणे सक्तीचे आहे. पण जाहीर केलेली प्रमाणपत्रे स्कॅनच्या स्वरूपात असली की सक्ती पाळली जाते आणि माहिती मात्र काहींना मिळत नाही. दिव्यांग हक्क नियम, २०१७ मध्ये संकेतस्थळावरची कागदपत्रे ईपब (ई-पुस्तकाचे स्वरूप) किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून मजकुरात बदललेल्या, पीडीएफ स्वरूपात ठेवावीत असे म्हटले होते. मराठी ओसीआर आता बऱ्यापैकी चालते. तरी शिक्क्याखाली गेलेली अक्षरे आणि जोडाक्षरे तिथे चुकतात, तेव्हा निकाल वाचून दुरुस्त करावाच लागतो. मूळ फाइल वर्डमध्ये शाळेकडेच असेल तर तिचीच थेट पीडीएफ करणे केव्हाही सोपे. छापून, सही करून, स्कॅन करून पुन्हा चढवण्याचा द्राविडी प्राणायाम ही निव्वळ सवय आहे.

तिसरी अडचण जुन्या फाँटांची. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी कार्यालयांत आणि छापखान्यांत श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टंकलेखन होई. त्यांत पडद्यावर ‘शाळा’ दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ असते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, ती सरमिसळच वाचतो. शोधयंत्रालाही त्यात ‘शाळा’ सापडत नाही. शाळेचा इतिहास, संस्थापकांचा परिचय असा जुना मजकूर वर्षानुवर्षे तसाच चिकटवलेला आढळतो. तो युनिकोडमध्ये बदलून देणारी रूपांतरण साधने आहेत. बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागेवर बसली का, हे डोळ्यांनी तपासावे.

चौथी गोष्ट पानावर दिसतच नाही. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये भाषेची नोंद असते. तयार टेम्पलेट (साचा) घेऊन केलेल्या मराठी संकेतस्थळांत ती बरेचदा ‘इंग्रजी’ अशीच राहून जाते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे सरळ गाळून पुढे जातात : पान शांत! नोंद हिंदी असेल तर मजकूर ऐकू येतो, पण परका वाटतो. ‘चाक’मधला च ‘चंद्र’मधल्या चसारखा उच्चारला जातो. लिपी एकच असल्याने भाषा कोणती हे यंत्राला नुसत्या अक्षरांवरून कळेलच असे नाही. दुरुस्ती एका शब्दाची आहे आणि तिचा परिणाम सबंध संकेतस्थळावर होतो.

लघुरूपांचेही असेच. ‘इ. ५ वी’, ‘मु. पो.’, ‘ता. करवीर, जि. कोल्हापूर’ हे आपल्या नजरेला सवयीचे. यंत्र मात्र प्रत्येक टिंबाशी अडखळते आणि ‘इ… पाच… वी’ असे तुकडे करते. ‘इयत्ता पाचवी’, ‘तालुका करवीर’ असे पूर्ण लिहिले तर ऐकणाऱ्याचे काम होते आणि वाचणाऱ्याचेही बिघडत नाही.

ओळींतले अंतर हा अल्पदृष्टी वाचकांचा प्रश्न. रोमन लिपीसाठी बेतलेल्या टेम्पलेटमध्ये ओळी इतक्या दाटीने बसतात की वरचे अनुस्वार, रफार आणि खालचे उकार कापले जातात. मराठीत अनुस्वार गेला की वचन आणि अर्थ दोन्ही बदलू शकतात. अक्षरांतले अंतर वाढवण्याचा उपाय मात्र देवनागरीला जपून लावावा, कारण त्याने शिरोरेषा तुटते. जागतिक निकषांतही, ज्या लिपीत अशी गोष्ट वापरली जात नाही तिला त्या बाबीतून मोकळीक दिलेली आहे.

निकष

तपासणीचा आधार म्हणजे वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची ‘डब्ल्यूसीएजी’ ही मार्गदर्शक तत्त्वे. पहिली आवृत्ती १९९९ ची, पुढे २.० (२००८), २.१ (२०१८) आणि २.२ (२०२३). माहिती जाणवावी, वापरता यावी, समजावी आणि निरनिराळ्या साधनांवर टिकावी, ही तिची चार सूत्रे. ए, एए आणि एएए असे चढते तीन स्तर आहेत. शाळेने एए गाठावा, ही रास्त अपेक्षा.

काही निकष आकड्यांत मोजता येतात. साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांचा ३ : १. आपल्याकडे केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे ही आवडीची रचना आहे; राष्ट्रध्वजातल्या केशरीसारखी छटा घेतली तर हा भेद जेमतेम २ च्या आसपास भरतो. गडद तांबड्यावर तीच पांढरी अक्षरे १० च्या घरात जातात. अक्षरे २०० टक्के मोठी केली तरी मजकूर हरवू नये. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून जास्त सरकत राहणारी पट्टी थांबवता आली पाहिजे. ‘प्रवेश सुरू’ म्हणत धावणाऱ्या पट्ट्या आणि लुकलुकणारे ‘नवीन’ या निकषावर बहुतेक नापास होतात. आवृत्ती २.२ नुसार बटणे किमान २४ बाय २४ पिक्सेलची असावीत, किंवा त्यांच्यात तेवढे अंतर तरी असावे.

कर्णबधिर पालकांचा विचार फार कमी होतो. मुख्याध्यापकांचे मनोगत चित्रफितीत असेल तर तिला मथळे, म्हणजे बोलणे पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी, हवेत, आणि ते माणसाने वाचून दुरुस्त केलेले हवेत. ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ आणि खाली फक्त दूरध्वनी क्रमांक, ही सूचना ऐकू न येणाऱ्या आईबापांसाठी बंद दार ठरते. तिथे ईमेल किंवा संदेशासाठीचा क्रमांक हवाच.

कायद्याची बाजू

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या ९ व्या कलमात माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता येते. त्यातून आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यातले ७ प्रकार वाढून त्यात २१ झाले. त्याचे १६ वे कलम सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना समावेशक शिक्षणासाठी बांधून घेते, तर ४२ वे कलम इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य असावा असे सांगते. सरकारी संकेतस्थळांसाठी ‘जीआयजीडब्ल्यू’ ही मार्गदर्शिका आहे आणि भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानकही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दिव्यांग हक्क नियमांतल्या नियम १५ (१) नुसार ही मानके केवळ शिफारशीसारखी उरतात आणि ते मूळ कायद्याला धरून नाही, असे ठरवून सक्तीचे नियम करायला सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच जगण्याच्या हक्काशी जोडली. अमेरिकेत २०२४ च्या नियमाने सरकारी शाळांसह स्थानिक संस्थांच्या संकेतस्थळांना डब्ल्यूसीएजी २.१ चा एए स्तर नेमून दिला आहे.

कोल्हापूरला सक्ती आणि शिक्षण यांचे नाते परके नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. दिव्यांगांच्या हक्कांसाठीचे कामही इथे जुने आहे. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था इथेच उभी राहिली. रॅम्प, स्वच्छतागृह, वसतिगृह यांचा आग्रह या शहराला ठाऊक आहे. संकेतस्थळही शाळेचे दारच आहे, हे मात्र अजून पुरेसे रुजलेले नाही. इमारतीत रॅम्प असेल, वर्ग तळमजल्यावर मिळत असेल, तर तेही संकेतस्थळावर लिहावे. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाच्या पालकांना हेच आधी कळायला हवे असते.

तपासणी कशी होते

सगळी पाने तपासणे क्वचितच शक्य असते. मुखपृष्ठ, प्रवेश, सूचनाफलक, संपर्क, निकाल, एखादा अर्ज, एखादी पीडीएफ आणि एखादी चित्रफीत अशी निवड करतात, आणि तिच्या जोडीला काही पाने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी उचलतात. हे नमुने मोबाइलवरही पाहायचे, कारण बहुतेक पालकांजवळ संगणक नसतो.

वेव्ह, ॲक्स, लाइटहाउस ही स्वयंचलित साधने काही क्षणांत यादी देतात. रंगभेद, पर्यायी मजकुराचा (चित्राऐवजी ऐकवल्या जाणाऱ्या वर्णनाचा) अभाव, लेबल नसलेले रकाने त्यांना सापडतात. त्यांची मर्यादा एका उदाहरणाने कळते. २६ जूनच्या शाहू जयंतीच्या प्रभातफेरीचा फोटो आहे आणि त्याला पर्यायी मजकूर दिला आहे ‘फोटो’. साधन त्याला सहसा हरकत घेत नाही. ‘शाहू जयंतीच्या प्रभातफेरीत फलक घेऊन चाललेले विद्यार्थी’ असे असायला हवे होते, हे माणसालाच कळते. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवेने मुद्दाम १४२ अडथळे पेरलेले पान अशा साधनांना दिले, तेव्हा निम्मे अडथळेही कोणत्याच एका साधनाला सापडले नाहीत.

म्हणून खरी तपासणी हातांनी आणि कानांनी होते. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळ दाबत प्रवेश अर्ज भरून पाहावा. तिथे काय घडते ते पाहण्यासारखे असते. मुलाच्या नावाचा रकाना येतो, भरला जातो. पुढे ‘जन्मतारीख’. तिथे दिनदर्शिका उघडते ती माउसनेच. कळफलकाने आकडा टाकू पाहिले तर तो उमटत नाही. कसेबसे पुढे गेले की फोकस (सध्या निवडलेला रकाना) कुठे आहे हेच दिसत नाही, कारण सजावट करताना तो दाखवणारी चौकट काढून टाकलेली असते. शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरांचे चित्र येते, ओळखून लिहा म्हणते, आणि त्याला ऐकण्याचा पर्याय नसतो. अर्ज चुकला तर रकान्याची कड लाल होते. काय चुकले ते शब्दांत कुठेही नाही. अंध पालकाचा प्रवास इथे संपतो. साधनाच्या अहवालात मात्र हे पान हिरवे दिसू शकते.

यानंतर एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरने, डोळे मिटून, पान ऐकावे. शीर्षके शीर्षके म्हणून नोंदलेली आहेत का? सात ठिकाणी ‘येथे क्लिक करा’ असेल तर कशासाठी क्लिक करायचे हे कळते का? डोळस तपासनीसाने केलेले हे अनुकरण उपयोगी आहे, पण रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याची जागा ते घेऊ शकत नाही. तपासणीत एक तरी दिव्यांग वापरकर्ता असावा, त्याला योग्य मानधन द्यावे आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत अहवालात यावे.

एका ओळीचा कोड टाका आणि संकेतस्थळ सुगम्य करा, अशी जाहिरात करणारी तयार बटणे बाजारात आहेत. अक्षर मोठे-लहान करण्यापलीकडे मूळ दोष त्यांनी जात नाहीत. अशाच अतिरंजित दाव्यांबद्दल २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत एका कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले. शाळेने हा पैसा अर्ज दुरुस्त करण्यावर घालावा.

अहवाल आणि पुढचे काम

अहवालात दोष कोणत्या पानावर, कोणाला अडवतो आणि कसा सुधारायचा, हे साध्या मराठीत असावे. तो तंत्रज्ञाच्या आधी मुख्याध्यापक आणि कार्यालयीन लिपिक वाचणार असतात. क्रम लावताना दोषांची संख्या गौण मानावी. प्रवेश, सुट्ट्या, परीक्षा आणि शुल्क यांच्या वाटेतला अडथळा आधी निघाला पाहिजे. छायाचित्रांचे दालन नंतर आले तरी चालेल. दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत मिळणारा लेखनिक आणि वाढीव वेळ यांची माहिती शोधायला किती क्लिक लागतात, हेही मोजावे.

संकेतस्थळ बांधणाऱ्याने दुरुस्ती केली की तीच पाने पुन्हा तपासतात. त्यानंतर ते बिघडते ते बहुधा रोजच्या भरणीतून : नवे परिपत्रक, नवा फोटो, नवी पीडीएफ. त्यामुळे जो माणूस सूचना चढवतो त्याला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण देणे हा तपासणीचाच भाग धरतात. वेळ मे महिन्याची बरी. जूनमध्ये शाळा भरते आणि पुढच्याच महिन्यात पंचगंगेच्या पातळीबरोबर पहिली सुट्टीची सूचना चढवायची वेळ येते.